बागेतली आगगाडी आणि ह्यांचा हात

मैत्रिणींनो, मिक्सर कोणता घ्यावा, लोकरीचे कपडे कशात धुवावेत, कुकरचे रबर सैल झाले तर काय करावे, अशा प्रश्नांची उत्तरे तुम्ही-आम्ही ह्या पानांवर नेहमी शोधतो. आज मी जिची हकीगत सांगणार आहे, ती खरेदी मात्र तुमच्यापैकी कुणी केली नसेल. बागेत धावणाऱ्या खेळातल्या आगगाडीसाठी विजेची कोणती व्यवस्था घ्यावी, हा तो प्रश्न. वाचून हसू आले ना? मलाही चाळीस वर्षे हसूच येत होते. पण दोन वर्षांपूर्वी हा प्रश्न आमच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर येऊन बसला, आणि तो सोडवल्याशिवाय घरात धड कुणाच्या घशाखाली घास उतरेना. म्हणून म्हटले, सगळे सविस्तर लिहावे. आगगाडी तुमच्या घरी नसेल, पण आजारी माणसासाठी एखादी वस्तू निवडायची वेळ कुणावर येत नाही?

आम्ही राहतो जर्मनीत, स्टुटगार्टजवळच्या एका लहान गावी. हे १९७४ साली एका यंत्राच्या कारखान्यात नोकरीसाठी इकडे आले, लग्न होऊन मी १९७६ साली आले. ह्यांचे बालपण बार्शीचे. बार्शी लाईट ठाऊक आहे ना? कुर्डुवाडीहून बार्शीकडे, पंढरपूरकडे जाणारी अडीच फुटी रुळांवरची ती छोटी गाडी. १८९७ साली सुरू झाली आणि पुढे रूळ रुंद होईपर्यंत कित्येक पिढ्यांनी तिला नावे ठेवत ठेवत तिच्यातूनच प्रवास केला. हे सांगतात, चढावर गाडी इतकी हळू चाले की पोरे खाली उतरत, चार पावले बरोबर पळत आणि पुन्हा चढत. खरे-खोटे तेच जाणोत. पण माणूस कारखान्यात कितीही मोठी यंत्रे जुळवू दे, मनात त्याच्या ती छोटी गाडीच धावत होती.

इकडे न्यूरेंबर्गच्या लेमान कंपनीने १९६८ साली बागेत मांडता येतील अशा मोठ्या मापाच्या गाड्या काढल्या. एल.जी.बी. त्यांचे नाव. खऱ्या गाडीच्या साडेबावीस पट लहान, म्हणजे इंजिन चांगले दोन्ही हातांनी उचलावे एवढे. दोन रुळांतले अंतर पंचेचाळीस मिलिमीटर. ऊन-पाऊस, बर्फ, सगळे सोसणाऱ्या. आणि त्यातल्या बहुतेक गाड्या डोंगरातल्या अरुंद रुळांवरच्या. म्हणजे ह्यांच्या बार्शी लाईटच्या मावसबहिणीच म्हणा ना! १९८१च्या नाताळात चार वर्षांच्या लेकासाठी म्हणून ह्यांनी ‘श्टाइन्त्स’ नावाचे छोटे हिरवे इंजिन आणले. लेकासाठी! लेक दहा मिनिटे खेळला आणि डबा घेऊन दुसरीकडे गेला. हे रात्री बारापर्यंत जमिनीवर पालथे पडून होते.

पुढचे तुम्ही ओळखलेच असेल. रूळ दिवाणखान्यातून बागेत गेले. मी मेथीसाठी राखलेल्या वाफ्याला वळसा घालून गेले. इंजिनांची सात झाली. अशी इंजिने काही स्वस्त नसतात. एका वर्षी त्यांतल्या एकाच्या पायी माझे माहेरी जाणे पुढच्या उन्हाळ्यावर ढकलले गेले. पुढच्या उन्हाळ्यात गेले मी, नाही असे नाही. पण ती गोष्ट मी कितीतरी वर्षे मनात जपून ठेवली होती, आपण जुनी बिले जपून ठेवतो तशी. बागेच्या कोपऱ्यातल्या लाकडी खोलीत ह्यांचा सगळा पसारा असे. तिथे मी जायची ती फक्त केर काढायला. हे काय करतात, कसे करतात, एका शब्दाने कधी विचारले नाही.

आता जुनी व्यवस्था कशी होती ते सांगते. रुळांत वीज सोडायची. एका पेटीवर एक गोल मूठ, अगदी आपल्या पंख्याच्या रेग्युलेटरसारखी. मूठ फिरवली की रुळातला विजेचा दाब वाढतो, गाडी जोरात धावते. उलटी फिरवली की गाडी उलटी. सोपे काम. पण एका रुळावर दोन इंजिने ठेवली तर दोन्ही एकदम धावणार, दोन्ही एकदम थांबणार, कारण हुकूम रुळाला मिळतो, इंजिनाला नाही. मग रुळाचे तुकडे पाडा, प्रत्येक तुकड्याला वेगळी तार, वेगळा खटका. ह्यांच्या खोलीत भिंतभर खटके होते आणि कुठला कशाचा हे फक्त ह्यांनाच ठाऊक.

२०२० साली ह्यांच्या उजव्या हाताला थरथर सुरू झाली. आधी वाटले थकवा असेल. मग सही लहान लहान होत गेली, सदऱ्याची बटणे लावायला वेळ लागू लागला. डॉक्टरांनी तपासले आणि कंपवात म्हणून सांगितले. औषधे सुरू झाली, व्यायाम सुरू झाले. डॉक्टर म्हणाले, “हातांना काम देत राहा. जे आवडतं ते सोडू नका.” सांगणे सोपे असते. ह्यांनी काय केले, तर उजवा हात पँटच्या खिशात घातला. जेवताना तेवढा बाहेर काढीत, तोही कुणी पाहुणा नसेल तर.

त्या उन्हाळ्यात नातू आला होता. सहा वर्षांचा. आजोबा त्याला गाडी दाखवीत होते. वळणावर वेग कमी करायला ह्यांनी मुठीला हात घातला आणि नेमका तेव्हाच हात थरथरला. मूठ भलतीकडे फिरली. गाडी वळणावर सुसाट गेली आणि इंजिन रुळावरून उडून दगडावर आपटले. धुराडे तुटले. तेच १९८१चे हिरवे इंजिन. पोर काही बोलले नाही, त्याने फक्त तुकडा उचलून आजोबांच्या हातात दिला. ह्यांनी खोलीला कुलूप घातले.

रात्री मला म्हणाले, “विकून टाकू हे सगळं. जागा मोकळी होईल. तुला मेथी लावता येईल.”

मैत्रिणींनो, खरे सांगते, चाळीस वर्षे मी ह्या वाक्याची वाट पाहत होते. आणि आता ते ऐकल्यावर माझ्या पोटात धस्स झाले. कारण हा माणूस आज गाडी सोडतोय, उद्या लिहिणे सोडील, परवा फिरायला जाणे सोडील, असे मला स्पष्ट दिसले.

लेकाला फोन केला. तो म्हणाला, “आई, मूठ फिरवायची गरजच नाही. आता सगळं डिजिटल झालंय. टॅबलेटवर बोट फिरवलं की गाडी चालते. मी पाठवतो.” मी म्हटले, “थांब. आधी मला कळू दे, मग पैसे खर्च करू.” आणि आयुष्यात पहिल्यांदा मी ह्यांच्या खोलीतली मासिके काढून वाचायला बसले. जर्मन भाषा येत होती, विजेचे शब्द येत नव्हते. एक वही केली. वाण्याची यादी करावी तशी एकेक गोष्ट लिहीत गेले.

ही डिजिटल व्यवस्था म्हणजे काय, ते मला वाड्यातला पोस्टमन आठवल्यावर कळले. आमच्या मिरजेच्या वाड्यात पोस्टमन चौकात उभा राहून नाव पुकारी. ऐकू सगळ्यांना जाई, पण बाहेर येई ज्याचे पत्र असेल तोच. इथेही तसेच. रुळांत वीज कायम सारखी असते, कमी-जास्त होत नाही. त्या विजेतूनच एक मध्यवर्ती पेटी सारखी पुकारा करीत असते, “पाच नंबर, हळू चल. सात नंबर, दिवा लाव.” प्रत्येक इंजिनाच्या पोटात एक छोटी पट्टी बसवलेली असते, तिला डिकोडर म्हणतात. आपला नंबर आला की ती ऐकते आणि मोटरला तेवढीच वीज देते. दुसऱ्याचा नंबर आला की गप्प. त्यामुळे एकाच रुळावर एक गाडी थांबलेली, एक चाललेली, असे होऊ शकते. भिंतभर खटक्यांची गरज बरीचशी संपली.

ही पुकारण्याची भाषा सगळ्या कंपन्यांची एक असेल तर बरे, नाही का? नाहीतर आज एका कंपनीची पेटी घेतली आणि उद्या दुसरीचे इंजिन आणले की ते बहिरे. सुदैवाने अशी एक सामाईक भाषा आहे, डी.सी.सी. तिचे मूळ जर्मनीतल्याच लेन्झ कंपनीच्या कामात आणि १९९०च्या दशकात अमेरिकेतल्या छोट्या रेल्वेवाल्यांच्या राष्ट्रीय संघटनेने तिचे नियम ठरवून दिले. मी वहीत पहिल्या ओळीला लिहिले, “डी.सी.सी. असेल तरच.” हे महत्त्वाचे अशासाठी की कंपन्यांचे काही खरे नसते. ज्या लेमानच्या गाड्या आम्ही घेतल्या ती कंपनी २००६ साली दिवाळखोरीत गेली. २००७ साली एल.जी.बी.चे नाव ग्योपिंगनच्या मेर्कलिन कंपनीने घेतले. ती १८५९ सालची जुनी कंपनी, आणि तिच्यावरही २००९ साली तीच पाळी आली होती. तीही त्यातून सावरली. पण आपण आपले सामाईक भाषेचे सामान घ्यावे म्हणजे कुणाचे दुकान बंद झाले तरी घरातले इंजिन अडून राहत नाही.

दुसरी ओळ विजेची. घरात इस्त्री, गीझर आणि शेगडी एकदम लावली की फ्यूज उडतो की नाही? तसेच इथे. टेबलावरच्या छोट्या गाडीचे इंजिन अर्ध्या अँपिअरच्या आसपास वीज खाते. आमच्या बागेतले इंजिन, त्याचे दिवे आणि धूर काढणारी नळी मिळून दीड-दोन अँपिअर सहज घेते. दोन मोटरींचे असेल तर अधिकच. तेव्हा लहान गाड्यांसाठीचा डिकोडर स्वस्त मिळाला म्हणून मोठ्या इंजिनात बसवला तर तो जळणार. मोठ्या गाडीला तीन-चार अँपिअर सोसणारा लागतो. मध्यवर्ती पेटीही आपल्या एकदम किती गाड्या चालणार ते पाहून घ्यायची. दुकानदार बारा अँपिअरची दाखवीत होता. मी विचारले, “आमच्या बागेत एका वेळी दोनच गाड्या चालतात, मग ही कशाला?” पाच अँपिअरची पुरे झाली. माणसे दोन आणि पातेले वीस माणसांचे, असा तो प्रकार झाला असता.

तिसरा पर्याय कुणीतरी सुचवला, की रुळांत वीजच नको, इंजिनाच्या पोटात बॅटरी ठेवा आणि रेडिओने चालवा. अमेरिकेत पुष्कळ लोक तसे करतात आणि बागेत तर त्याचा फायदाही असतो, कारण रूळ मळले तरी गाडी अडत नाही. पण बॅटऱ्या चार्ज करायच्या, बारीक स्क्रू काढून झाकणे उघडायची, हे थरथरत्या हाताला जमणार का? त्यापेक्षा रूळ फडक्याने पुसणे बरे. ते काम मी करीन, असे मी मनाशी ठरवले.

एवढे सगळे झाले आणि मी स्वतःवर खूष झाले. पण अजून मुख्य गोष्ट माझ्या ध्यानात आलीच नव्हती.

शनिवारी ह्यांना बळेच दुकानात नेले. मोठे दुकान, काचेच्या कपाटांतून गाड्या, मध्ये फिरता रूळ. दुकानदाराने टॅबलेट पुढे केला. पडद्यावर इंजिनाचे सुरेख चित्र, वेगाची पट्टी, शिट्टीचे बटण. “आजकाल सगळे हेच घेतात,” तो म्हणाला. हे म्हणाले, “छान आहे.” हात खिशात. “चालवून पाहा ना,” तो म्हणाला. “नको. तूच दाखव.”

मी टॅबलेट हातात घेतला आणि मुद्दाम दोन बोटे थरथरवून पट्टीवर ठेवली. काय झाले असेल? गाडी सुटली, थांबली, शिट्टी वाजली, पुन्हा सुटली. काचेला बोट कुठे आहे ते कळते, पण बोटाला काच कुठे आहे ते कळत नाही. कोरी गुळगुळीत जागा, तिच्यावर थरथरत्या हाताने विसावायचे कुठे? माझ्या वहीत अँपिअर होते, व्होल्ट होते, भाषा होती. ह्यांचा हात कुठेच नव्हता!

मी दुकानदाराला म्हटले, “ज्याला खरीखुरी मूठ आहे असं काही दाखवा.” त्याने तीन प्रकारचे हातात धरायचे कंट्रोलर काढले. मग मला कळले की मध्यवर्ती पेटी वेगळी, हातातला कंट्रोलर वेगळा, आणि पुष्कळदा एका पेटीला निरनिराळे कंट्रोलर जोडता येतात. पहिल्याची फिरकी गरगर फिरणारी होती, तिला आदी ना अंत. वेग किती ते पडद्यावरच्या बारीक आकड्यात वाचायचे. दुसऱ्याला नुसती बटणे, एक वाढवायचे, एक कमी करायचे. तिसऱ्याची मूठ मोठी, खाचा असलेली, आणि दोन्ही टोकांना अडणारी. पार डावीकडे नेली की गाडी थांबलीच म्हणून समजा, बघावे लागत नाही. बाजूला तांबडे मोठे बटण, ते दाबले की सगळे ठप्प.

तो तिसरा मी काउंटरवर आडवा ठेवला, हातात न धरता. आणि ह्यांना म्हटले, “अहो, मला ही पुढची गाडी मागे घ्यायचीय, जमत नाहीये.” जमत होते हो! पण चाळीस वर्षांत मी ह्यांना गाडीबद्दल पहिलाच प्रश्न विचारला होता. ह्यांनी माझ्याकडे पाहिले. खिशातला हात बाहेर आला. पंजाची कड काउंटरवर टेकवली, बोटे मुठीवर ठेवली. हात थरथरत होताच. पण गाडी मात्र संथ सुटली, वळणावर गेली, आणि संथ थांबली.

हे दुकानदाराला म्हणाले, “इंजिनात वेग चढायला उशीर लावला आहे का?” तो म्हणाला, “हो, थोडा आहे.”

घरी येताना गाडीत ह्यांनी मला ते समजावून सांगितले, आणि इतके दिवसांनी त्यांच्या आवाजात जोर होता. डिकोडर म्हणजे आपला मिसळणाचा डबा समजा. त्यात नंबर घातलेले खण असतात आणि प्रत्येक खणात एक आकडा ठेवायचा. एक नंबरच्या खणात इंजिनाचे नाव, म्हणजे त्याचा क्रमांक. तीन नंबरच्या खणात हुकूम मिळाल्यावर वेग किती सावकाश चढावा ते, चारमध्ये किती सावकाश उतरावा ते, पाचमध्ये जास्तीत जास्त वेग किती. खरी आगगाडी जड असते, ती एकदम सुटत नाही, एकदम थांबत नाही, तसे दिसावे म्हणून ही सोय केलेली. पण आमच्यासाठी तिचा अर्थ निराळा होता. मूठ क्षणभर भलतीकडे गेली तरी इंजिन लगेच धावत सुटत नाही. ते सावकाश निघते, तोवर हात पुन्हा जागेवर आलेला असतो. हाताची थरथर मुठीपर्यंत येते आणि तिथेच जिरते.

आणखी एक गंमत. वेगाच्या पायऱ्या किती, हेही ठरवता येते. जुन्या काही व्यवस्थांत चौदा होत्या, आता अठ्ठावीस किंवा एकशे अठ्ठावीस. दुकानदार म्हणाला, एकशे अठ्ठावीस उत्तम, एकदम मुलायम. आम्ही घरी आल्यावर अठ्ठावीसच ठेवल्या. पायरी रुंद असेल तर पाय थोडा हलला तरी माणूस त्याच पायरीवर राहतो. ज्यांचा हात स्थिर आहे त्यांनी खुशाल एकशे अठ्ठावीस घ्याव्यात.

मग खर्चाचा विचार. सातही इंजिनांना डिकोडर बसवायचे तर पैसे बरेच गेले असते. मी विचारले, “त्यातली तुम्हांला खरोखर चालवावीशी कुठली वाटतात?” ह्यांनी तीन सांगितली. चार कपाटात शोभेला राहिली. जुन्या इंजिनात पट्टी बसवणे हे नाजूक काम, मोटरला रुळाकडून मिळणारी सरळ वीज पूर्ण तोडून ती डिकोडरमधून द्यावी लागते, एक तार चुकून राहिली तर पट्टी गेलीच. ते आम्ही जाणकाराकडून पैसे देऊन करून घेतले. हिरव्या इंजिनाचे धुराडे मात्र ह्यांनी घरीच चिकटवले. दोन दिवस लागले. मी फक्त धरून बसले होते.

माझ्या हातून एक घोळ झाला तोही सांगते, म्हणजे तुम्ही मला फार हुशार समजायला नको. नवे डिकोडर कारखान्यातून येतात तेव्हा सगळ्यांचा नंबर तीन असतो. तो बदलायचा, म्हणून मी उत्साहाने तिन्ही इंजिने एकत्रच रुळावर ठेवली आणि ‘पाच’ नंबर दिला. तिन्ही पाच झाली! मूठ फिरवली तर तिन्ही एकदम निघाली, वरातीसारखी. हे इतके हसले की खुर्चीत बसावे लागले. नंबर देताना एका वेळी एकच इंजिन, तेही वेगळ्या छोट्या रुळावर ठेवावे, हा नियम तेव्हापासून माझ्या वहीत लाल शाईने आहे.

सावकाश थांबणाऱ्या गाडीचा एक तोटाही लक्षात घ्यायला हवा. मूठ बंद केली तरी ती थोडे अंतर पुढे जातेच. रुळावर मांजर आले, मूल आले, तर तेवढा वेळ नसतो. तेव्हा आम्ही दुसरा, साधा कंट्रोलर घेतला. तो माझ्या हातात असतो आणि माझे बोट तांबड्या बटणावर. ह्यांनी मला गार्डाची नोकरी दिली आहे, पगार नाही. ह्यांच्या कंट्रोलरला लेकाने एक लाकडी पाट करून दिला, खाली रबर लावलेला, म्हणजे सरकत नाही, आणि मनगट टेकायला जागा राहते.

नातू दुसऱ्या सुट्टीत आला तेव्हा हे बागेत पाट मांडीवर घेऊन बसले होते. पोराने विचारले, “आजोबा, तुमचा हात हलतोय.” मी श्वास रोखला. हे म्हणाले, “हो, हलतो. पण गाडी बघ, हलते का?” पोराने वाकून, रुळाला गाल लावून पाहिले. “नाही,” म्हणाला. आणि मग त्याला लगेच दुसरी गाडी हवी झाली. मुलांचे तेवढेच असते.

आजार काही बरा झालेला नाही हो. काही दिवस चांगले जातात, काही दिवस नाही. औषधाची वेळ टळली की हात जड होतो, त्या दिवशी गाडी मी चालवते आणि हे खुर्चीतून सूचना करतात. “अगं, वळणाआधी कमी कर, वळणावर नव्हे.” पूर्वी स्वयंपाकात सूचना केलेल्या मला खपत नसत. ह्या खपतात. ह्यांना पुढे जमेनासे झाले तरी ती चार बटणे आणि तो मिसळणाचा डबा मला आता समजतो, हे मनाला बरे वाटते. चाळीस वर्षे आधी विचारले असते तर काय बिघडले असते, हेही वाटते.

जाता जाता, कुणाच्या घरी असा छंद असेल किंवा नातवासाठी घ्यायचा विचार असेल, तर माझ्या वहीतल्या चार ओळी देते. भाषा सामाईक आहे ना ते पाहा. एका वेळी किती गाड्या चालणार ते आधी ठरवा आणि तेवढीच ताकदीची पेटी घ्या. पेटी आणि ट्रान्स्फॉर्मर घरात, कोरड्या जागी ठेवा, पावसात फक्त रूळ राहू द्या. रूळ पुसल्याशिवाय गाडी चालवू नका, कारण मळक्या रुळातून पुकारा इंजिनापर्यंत नीट पोचत नाही, आणि दोष मात्र आपण नव्या यंत्राला देतो. आणि पैसे मोजण्याआधी, जो चालवणार त्याच्या हातात ती वस्तू द्या. दुकानदाराच्या हातात ती नेहमीच छान चालते.

मेथीचे काय झाले म्हणाल, तर वाफा अजून वळसा घालूनच आहे. मागच्या आठवड्यात पहिली जुडी निघाली. ती मालगाडीच्या उघड्या डब्यात घालून ह्यांनी स्वयंपाकघराच्या पायरीपर्यंत आणून पोचवली. दोन डबे भरले. एक पान सांडले नाही.